माथाडींचे कैवारी : कै. अण्णासाहेब पाटील

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांत, ढेबेवाडीच्या खोऱ्यांत, मंद्रुळकोळे नांवाचें गांव आहे. तेथें ता. २५ सप्टेंबर १९३३ रोजीं अण्णासाहेब पाटील यांचा जन्म झाला. डोंगरउताराची तुटपुंजी जमीन, पावसाच्या भरंवशावरचें पीक आणि घरांत खाणारीं तोंडें फार, अशी त्या मुलुखाची स्थिति. म्हणून पाटण, जावळी आणि सांगली जिल्ह्यांतील शिराळा या भागांतील तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईची वाट धरीत आले. अण्णासाहेबही त्याच वाटेनें गेले व दारूखान्यांत डोक्यावर ओझें वाहूं लागले.

माथाडी म्हणजे माथ्यावर ओझें वाहणारा. मशीद बंदरच्या धान्यबाजारांत, लोखंडाच्या व कापडाच्या वखारींत, रेल्वेच्या मालधक्क्यांवर हे लोक शंभर-शंभर किलोंचीं पोतीं वाहत. पण त्यांचा धनी कोण, हें कोणासच सांगतां येत नसे. व्यापारी टोळीवाल्याकडे बोट दाखवी आणि टोळीवाला व्यापाऱ्याकडे. कोणाच्याही हजेरीपटावर नांव नाहीं. म्हणून रजा नाहीं, भविष्यनिर्वाह निधि नाहीं, हातपाय मोडल्यास भरपाई नाहीं. गिरणीकामगारास निदान गिरणी होती. माथाडीस तीही नव्हती.

हें मर्म अण्णासाहेबांनीं स्वानुभवानें जाणलें. १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनीं विखुरलेल्या टोळ्यांची मोट बांधून महाराष्ट्र राज्य माथाडी, ट्रान्सपोर्ट व जनरल कामगार युनियन उभी केली. काम सोपें नव्हतें. गांवाकडून नवे उपाशी हात रोज येतच होते. तेव्हां नुसत्या संपानें मजुरीचे दर वाढले तरी ते टिकणार कसे? यास्तव कायदाच झाला पाहिजे, असा आग्रह संघटनेनें धरला.

१९६९ सालीं, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतां, माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा महाराष्ट्रांत झाला. त्याची योजना साधी पण मोलाची आहे. त्या त्या धंद्यासाठीं एक मंडळ असावें. त्यांत मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधि आणि सरकारनें नेमलेले सभासद असावेत. कामगारांची व मालकांची मंडळाकडे नोंदणी व्हावी. मालकानें मजुरी मंडळांत भरावी आणि तिच्यावर ठरलेली लेव्हीही द्यावी. त्या लेव्हींतून बोनस, भविष्यनिर्वाह निधि, उपदान व औषधोपचार यांची सोय व्हावी. ज्यास धनी नव्हता त्यास अशा रीतीनें कायद्याचा आधार मिळाला. पुढें १९८१ सालीं खाजगी सुरक्षारक्षकांसाठीं झालेला कायदाही याच धर्तीवर आहे.

कामगारांच्या या बळावर अण्णासाहेब काँग्रेस पक्षाच्या वतीनें विधान परिषदेचे सभासद झाले. पण मुंबईंत ओझीं वाहणाऱ्यांचीं घरें सातारा-सांगलीच्या खेड्यांत होतीं, आणि तेथील गरिबी कायद्याच्या एका कलमानें हटणारी नव्हती. म्हणून मराठा समाजांतील गरिबांस आर्थिक निकषावर राखीव जागा मिळाव्यात, अशी मागणी त्यांनीं पुढें मांडली. ता. २२ मार्च १९८२ रोजीं त्यांनीं मुंबईंत विधिमंडळावर प्रचंड मोर्चा नेला. राज्य त्यांच्याच पक्षाचें; मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले हेही सातारा जिल्ह्याचेच. परंतु मागणी मान्य झाली नाहीं. अनुयायांस दिलेला शब्द आपल्या हातून पुरा झाला नाहीं, ही सल त्यांच्या मनास असह्य झाली आणि दुसऱ्याच दिवशीं, ता. २३ मार्च रोजीं, त्यांनीं आपल्या हातानें जीवनाचा शेवट केला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ४८ वर्षांचें होतें.

त्या अखेरच्या कृतीचा न्याय परमेश्वराकडे आहे. तिचें अनुकरण मात्र कोणींही करूं नये. जो कायदा त्यांनीं मिळविला तो वर्षानुवर्षांच्या चिकाटीनें मिळविला होता, आणि राहिलेल्या कामासही तीच चिकाटी हवी होती. हुतात्म्यापेक्षां जिवंत पुढाऱ्याची गरज त्या कष्टकऱ्यांस अधिक होती. आर्थिक मागासांस उद्योगासाठीं साह्य करणारें, त्यांच्या नांवाचें महामंडळ सरकारनें १९९८ सालीं स्थापन केलें. दरवर्षीं २५ सप्टेंबरला माथाडी त्यांचें स्मरण करतात. तथापि त्यांचें खरें स्मारक मंडळाच्या नोंदवहींत आहे. पाटणच्या वा शिराळ्याच्या एखाद्या हमालाचें नांव तींत लिहिलें जातें, तेव्हां तो कोणाचाच नाहीं असें म्हणण्याची सोय उरत नाहीं.