चार्ल्स केटरिंग: गाडीला 'सेल्फ' देणारा माणूस

गाडी सुरू होत नसेल तर आपण पटकन म्हणतो, "सेल्फच घेत नाहीये." हा 'सेल्फ' म्हणजे 'सेल्फ स्टार्टर' या शब्दाचा आपल्याकडे उरलेला अर्धा तुकडा. आधी गाडी हँडल मारून सुरू करावी लागायची. मग ती बटण दाबल्यावर आपली आपण सुरू व्हायला लागली, म्हणून सेल्फ. हे काम बाजारात विकता येईल इतकं भरवशाचं करून दाखवणारे इंजिनिअर म्हणजे अमेरिकेचे चार्ल्स केटरिंग.

त्यांची गोष्ट आज वाचायला एक कारण आहे. दहा-बारा वर्षं जुनी लक्झरी एसयूव्ही सेकंडहँड बाजारात मोहात पाडेल अशा भावात मिळते. आणि मग एका सकाळी डॅशबोर्डवर दिवाळी सुरू होते. एअर सस्पेन्शनची वॉर्निंग, एबीएसची वॉर्निंग, गिअरबॉक्सची वॉर्निंग, सगळं एकदम. मालकाला वाटतं, तीन महागड्या वस्तू एकाच दिवशी गेल्या. पण बऱ्याचदा गेलेली असते एकच गोष्ट: बॅटरी दमलेली असते, किंवा बॉडीला लावलेली अर्थची वायर गंजलेली असते. एका वायरीमुळे अख्खी गाडी का बिथरते, याचं मूळ केटरिंगनी १९११ मध्ये केलेल्या कामात आहे.

शेत, शाळा आणि टेलिफोनचे खांब

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. डोळे लहानपणापासून अधू. वाचायला बसलं की डोकं दुखायचं. शाळा संपल्यावर त्यांनी काही वर्षं मास्तरकी केली, मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला गेले. पण डोळ्यांनी साथ सोडली आणि शिक्षण अर्धवट टाकावं लागलं.

मधल्या काळात त्यांनी टेलिफोन लाइनवर काम केलं. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. पुढे ते त्या टोळीचे मुकादम झाले. लाइनवर काम करणाऱ्या माणसापुढे रोज एकच प्रश्न असतो: बिघाड यंत्रात आहे, तारेत आहे, की जोडात? हा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

नंतर ते कॉलेजात परतले. सोबतची मुलं त्यांना पुस्तकं वाचून दाखवायची. १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री मिळाली तेव्हा त्यांचं वय २७ होतं. आपल्याकडे या वयात मुलांच्या दोन-तीन कंपन्या बदलून झालेल्या असतात.

गल्ल्यातली मोटर

पहिली नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. ही कंपनी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवायची. तेव्हाचं यंत्र हातानं दांडा फिरवून चालायचं. केटरिंगनी त्याला विजेची मोटर बसवली.

यात एक बारीक मेख होती. गल्ल्याला मोठा झटका लागतो, पण क्षणभरच. एरवी यंत्र नुसतं बसून असतं. म्हणजे दिवसभर ओझं ओढू शकेल अशी मोठी मोटर लावायची गरजच नाही. छोटी मोटर घ्या, तिच्याकडून दोन क्षण कुवतीपेक्षा जास्त काम करून घ्या आणि ती तापायच्या आत थांबवा. ही एक कल्पना पुढे मोटारगाडीचं रूप बदलणार होती.

हँडल गेलं, बॅटरी आली

कंपनीतले सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक गोठावजा कोठार होतं. नोकरी सांभाळून केटरिंग आणि काही मित्र संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तिथे गाडीच्या इग्निशनवर काम करायचे. त्यातूनच १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी उभी राहिली. तिच्या आद्याक्षरांचं झालं डेल्को. पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं कॅडिलॅक, त्या काळातली महागडी गाडी.

हे इग्निशन समजायला सोपं आहे. बॅटरीचा प्रवाह एका कॉइलमधून जातो आणि तिच्यात चुंबकत्व तयार होतं. इंजिनाच्या फिरण्याबरोबर छोटे पॉइंट उघडतात आणि प्रवाह झटकन तुटतो. चुंबकत्व कोसळतं आणि त्याच कॉइलच्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या तारेत काही हजार व्होल्ट तयार होतात. ते प्लगपाशी ठिणगी पाडतात. मुंबईच्या रस्त्यांवर धावलेल्या प्रीमियर पद्मिनीमध्ये हेच तत्त्व होतं. जुने मेकॅनिक पॉइंट घासायचे ते हेच.

ठिणगीचा प्रश्न सुटला, हँडलचा बाकी होता. हँडल मारताना इंजिन उलटा झटका द्यायचं. मनगटं मोडायची, कधी जबडा फुटायचा. स्प्रिंग, दाबलेली हवा, गॅस असे उपाय अनेकांनी करून पाहिले होते. विजेच्या मोटरबद्दल जाणकारांचं म्हणणं असं की इंजिन फिरवायला लागणारी मोटर आणि तिची बॅटरी इतकी मोठी होईल की गाडीत जागाच उरणार नाही.

केटरिंगना गल्ला आठवला. इंजिन दिवसभर फिरवायचं नाहीये, काही सेकंदच फिरवायचंय. छोटी मोटर घेऊन तेवढ्यापुरती तिला ताणली तरी चालेल.

पण खरी कमाल पुढे आहे. मोटर बॅटरी खाणार, मग बॅटरी भरणार कोण? त्यांनी तेच यंत्र उलटं वापरलं. इंजिन सुरू होईपर्यंत ते मोटर असायचं, इंजिन सुरू झालं की तेच डायनॅमो बनून बॅटरी भरायचं. बॅटरीचे गट सुरू करताना एकामागे एक जोडले जाऊन २४ व्होल्ट द्यायचे, आणि एरवी शेजारी-शेजारी जोडले जाऊन ६ व्होल्टवर चार्ज व्हायचे. त्याच ६ व्होल्टवर दिवे लागायचे, ठिणगीही पडायची. १९११ च्या फेब्रुवारीत हे यंत्र कॅडिलॅकमध्ये चालून दाखवलं गेलं, आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये ते कंपनीकडूनच बसवून येऊ लागलं.

यात एक गंमतही आहे. तेव्हा बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या बाजारात होत्या आणि हँडल मारायला नको हा त्यांचा मोठा फायदा होता. केटरिंगच्या विजेच्या मोटरनं पेट्रोल गाडी सोपी केली आणि विजेच्या गाडीचा तो फायदाच काढून घेतला.

एकाच खांबावर सगळा तंबू

आता जुन्या एसयूव्हीकडे वळू. केटरिंगच्या आधी गाडीतल्या गोष्टी सुट्या होत्या. दिवे गॅसचे, ठिणगी बऱ्याचदा मॅग्नेटोची, सुरुवात हाताची. एक बंद पडलं तरी बाकीचं चालायचं. त्यांनी सुरुवात, ठिणगी, दिवे आणि चार्जिंग एकाच बॅटरीभोवती बांधलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सगळ्या सर्व्हिसेस एकाच डेटाबेसला जोडल्या. सोय प्रचंड झाली, पण तो डेटाबेस डगमगला की सगळंच डगमगणार.

१९१२ मध्ये या बॅटरीवर चार-पाच गोष्टी होत्या. आजच्या लक्झरी एसयूव्हीत डझनावारी कंट्रोल युनिट असतात. सस्पेन्शनचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, सीटचंसुद्धा वेगळं. ती सतत एकमेकांशी बोलतात आणि प्रत्येकाला ठरावीक व्होल्टेज लागतं.

थोडं गणित करू. मोठ्या डिझेल इंजिनाला सेल्फ मारताना ३०० अँपिअर सहज लागतात. अर्थच्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम रोध वाढला, तर ३०० गुणिले ०.०१ म्हणजे ३ व्होल्ट तिथेच वाया गेले. भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट सेल्फच्या भारानं आधीच १०-११ वर आलेले असतात. त्यातले ३ गेले की काही युनिट क्षणभर बंद पडतात, त्यांच्याशी बोलणारी बाकीची युनिट संपर्क तुटल्याची नोंद करतात, आणि डॅशबोर्ड उजळतो. वॉर्निंग सस्पेन्शनची असते, आजार बॅटरीच्या जोडाचा असतो.

दुसरा नेहमीचा त्रास म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी उतरणं. गाडी लॉक करून झोपली की साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत प्रवाह असावा. एखादं युनिट झोपलंच नाही आणि अर्धा अँपिअर ओढत राहिलं, तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. ९० अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच दिवसांत सेल्फ मारण्याच्या लायकीची राहत नाही.

म्हणून तपासणीचा क्रम खालून वर जातो. आधी बॅटरी, मग दोन्ही टर्मिनल, मग बॉडी आणि इंजिनाची अर्थ, मग अल्टरनेटर, आणि शेवटी ते महागडं युनिट. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. तिथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर युनिट बदलायच्या आधी ती वायर बदला.

खटखट कुणाची?

खालून वर तपासायची ही शिस्त केटरिंगना स्वतःसाठीही वापरावी लागली. डेल्को इग्निशन आल्यानंतर गाड्यांच्या इंजिनांत चढावर खटखट ऐकू यायला लागली. आपण त्याला नॉकिंग म्हणतो. लोकांनी दोष बॅटरी इग्निशनला दिला. यंत्र नवीन होतं, संशय त्याच्यावरच जाणार.

केटरिंगनी थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं. सिलिंडरच्या आत नेमकं काय घडतं ते मोजून पाहिल्यावर कळलं की दाबाचा तो धक्का ठिणगी पडून गेल्यानंतर बसतो. ठिणगी वेळेवर होती, इंधन चुकीचं जळत होतं. बिघाड यंत्रात नव्हता, पेट्रोलमध्ये होता. निदान अचूक ठरलं.

औषध मात्र भयंकर निघालं. डिसेंबर १९२१ मध्ये मिजली यांना टेट्राएथिल लेड सापडलं. म्हणजे शिशाचं संयुग. पेट्रोलमध्ये अगदी थोडं टाकलं की खटखट बंद. शिसं विषारी आहे हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. अल्कोहोल मिसळूनही खटखट कमी होते हेही याच चमूला माहीत होतं. पण शिसं स्वस्त पडायचं, चिमूटभर पुरायचं आणि त्याचं पेटंट घेता यायचं. १९२३ मध्ये डेटनमध्येच विक्री सुरू झाली. पुढच्या वर्षी एथिल नावाची कंपनी निघाली आणि केटरिंग तिचे अध्यक्ष झाले.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार मेले. अनेकांना भास व्हायला लागले, त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. विक्री काही काळ थांबली, १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतर कित्येक दशकं जगभरच्या शहरांतली मुलं हे शिसं श्वासातून घेत राहिली. भारतात ते पेट्रोलमधून पूर्णपणे हटायला २००० साल उजाडलं. आज आपल्या पंपावर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं मिळतं, त्यातलं काही महाराष्ट्रातल्या उसापासून बनतं. तेच अल्कोहोल, जे तेव्हा बाजूला सारलं गेलं.

शेवटची वर्षं

डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली आणि केटरिंग १९२० पासून १९४७ पर्यंत तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते. सगळंच यशस्वी झालं असं नाही. तांब्याच्या पाकळ्यांनी थंड होणारं त्यांचं हवेवरचं इंजिन १९२३ च्या शेव्हरोलेमध्ये आलं आणि इतकं तापायला लागलं की कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उलट रेल्वेसाठीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनानं अमेरिकेतली वाफेची इंजिनं हटवायला सुरुवात केली. त्या कामात त्यांचा मुलगा यूजीनही होता.

१९४५ मध्ये केटरिंग आणि जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांच्या नावानं न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधनाची संस्था उभी राहिली. उपचारांच्या बातम्यांत आपण स्लोन केटरिंग हे नाव ऐकतो ते हेच. पुढच्याच वर्षी पत्नी ऑलिव्ह यांचं कॅन्सरनं निधन झालं. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी केटरिंग गेले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

पेट्रोलमधलं शिसं गेलं, पण त्यांची बॅटरी अजून शिशाचीच आहे. ते शिसं डब्यात बंद असेपर्यंत ठीक. म्हणून जुनी बॅटरी कुठेही भंगारात न टाकता नवीन घेताना दुकानदारालाच परत द्या, पैसेही कमी पडतात.

आणि इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणजे केटरिंग सुटले असं समजू नका. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. कुलूप, स्क्रीन आणि कंट्रोल युनिट तिच्यावर जागी होतात. ती उतरली, तर मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.