लेकाच्या गोधडीपासून लूव्रपर्यंत

घरात पाळणा हलणार म्हटलं की आपल्याकडे जुन्या साड्या, धोतरं, सदऱ्यांचे तुकडे बाहेर निघतात. आजी, मावशी, काकू मिळून बाळासाठी गोधडी शिवतात. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी शोभेल, हे त्यांना कुणी शाळेत शिकवलेलं नसतं. पण त्या गोधडीला कुणी कला म्हणत नाही. ती आपली घरातली वस्तू.

मैत्रिणींनो, पॅरिसमध्ये एका आईने १९११ साली आपल्या तान्ह्या मुलासाठी अशीच तुकड्यांची गोधडी शिवली. ती गोधडी पुढे फ्रान्सच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात मानाने जाऊन बसली. त्या आईचं नाव सोनिया डेलोने.

सोनियाचा जन्म १८८५ चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या, एका गरीब ज्यू कुटुंबातला. लहानपणीच तिला सेंट पीटर्सबर्गच्या सधन मामाने आपल्याकडे नेलं. तिथे तिला भाषा, संगीत, चित्रकला सगळं मिळालं. जर्मनीत चित्रकला शिकून ती विशीत पॅरिसला आली आणि तिथेच रमली. घरचे मात्र परत ये म्हणून मागे लागले. तेव्हा तिने १९०८ मध्ये विल्हेल्म ऊडे या जर्मन कलाव्यापाऱ्याशी सोयीचं लग्न केलं आणि पॅरिसमधला मुक्काम पक्का केला. पुढे रोबेर डेलोने हा चित्रकार भेटला. ऊडेशी समजुतीने काडीमोड घेऊन १९१० मध्ये तिने रोबेरशी संसार मांडला. १९११ च्या जानेवारीत मुलगा झाला, शार्ल.

त्याच्यासाठी गोधडी शिवताना तिला रशियातल्या शेतकरी बायकांच्या गोधड्या आठवत होत्या. गोधडी पूर्ण झाली आणि तिच्या लक्षात आलं, की पॅरिसचे नवे चित्रकार जे शोधताहेत ते यात आहेच! फूल नाही, माणूस नाही, नुसते रंग. एक रंग दुसऱ्याशेजारी ठेवला की दोन्ही बदलतात, जणू हलतात. नवरा-बायको दोघांनी मग हाच ध्यास घेतला.

त्यांच्या घरी कवींचं येणं-जाणं असे. अपोलिनेर हा मोठा कवी १९१२ च्या अखेरीस काही आठवडे त्यांच्याकडेच राहिला होता. या नव्या चित्रपद्धतीला ऑर्फिझम हे नाव त्यानेच दिलं. ब्लेझ सांद्रार हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला तरुण कवी तर घरचाच झाला. रशियातून सैबेरियाकडे धावणाऱ्या आगगाडीवर त्याने लांबलचक कविता लिहिली. ती सोनियाला इतकी भावली की दोघांनी मिळून १९१३ मध्ये एक वेगळंच पुस्तक काढलं. ते उलगडलं की दोन मीटर लांब. एका बाजूने कविता खाली उतरते, शेजारून सोनियाचे रंग उतरतात आणि तळाशी आयफेल टॉवर. १५० प्रती एकापुढे एक जोडल्या तर त्या टॉवरएवढी उंची व्हावी, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात तेवढ्या प्रती निघाल्या नाहीत.

त्याच साली सोनियाने स्वतःसाठी तुकड्यांचा रंगीबेरंगी पोशाख शिवला आणि तो घालून ती नाचघरात जाऊ लागली. सांद्रारने त्या पोशाखावर कविता केली. कवितेवरून चित्र आणि पोशाखावरून कविता, अशी ही देवघेव. पुढे त्रिस्तान झारा या कवीबरोबर तर तिने कवितेच्या ओळीच पोशाखांवर उतरवल्या.

पण दिवस सारखे नसतात. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर पीटर्सबर्गहून येणारं घरभाडं बंद झालं. तेव्हा हे कुटुंब स्पेन-पोर्तुगालकडे राहत होतं. सोनियाने पदर खोचला. माद्रिदमध्ये कपडे आणि घरसजावटीचं दुकान काढलं, नाटकाचे पोशाख केले. १९२१ मध्ये पॅरिसला परतल्यावर कापडाचे नमुने केले. १९२५ च्या मोठ्या प्रदर्शनात तिचं दुकान गाजलं. रोबेर चित्रं काढत राहिला, घर मात्र तिच्या कामावर चाललं. मंदी आली, धंदा बंद करावा लागला, तेव्हा ती पुन्हा कुंचल्याकडे वळली.

गंमत बघा, जे काम घर चालवायला केलं त्यामुळेच लोक तिला कापडवाली समजू लागले आणि रोबेरला चित्रकार. १९४१ मध्ये रोबेर गेला. तरी ती कितीतरी वर्षं आधी त्याचं नाव मोठं व्हावं म्हणून झटली. स्वतःचा मान उशिरा मिळाला. १९६४ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, लूव्रमध्ये तिचं प्रदर्शन भरलं. हयातीत तिथे असं प्रदर्शन होण्याचा मान मिळालेली ती पहिलीच स्त्री चित्रकार. १९७९ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी ती गेली, अगदी शेवटपर्यंत काम करत.

घरासाठी केलेलं काम वेगळं आणि कला वेगळी, अशी भिंत सोनियाने स्वतः कधी मानली नाही. ती भिंत बघणाऱ्यांनी घातली होती. आपणही ती आपल्याच हाताने घालतो का? कुणी कौतुक केलं तर लगेच, अहो काही नाही, रिकामपणी शिवली, असं म्हणून मोकळ्या होतो. पुढची गोधडी शिवाल तेव्हा एका कोपऱ्यात दोऱ्याने आपलं नाव आणि साल नक्की घाला. नातवंडांना कळू दे, हे कुणाच्या हातचं आहे ते.