गुरांमागे गेलेली शाळा

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडले, ते रोममधील सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तीत. पुढे मात्र ही शिक्षणपद्धती देशोदेशी सुस्थितांच्याच दारात अधिक रमली. पद्धतीत दोष होता असे नव्हे. तिची कोरीव, मापात बसविलेली साधने महाग होती. भारतात या पद्धतीला परत गरिबाच्या अंगणात नेण्याचे श्रेय प्रामुख्याने ताराबाई मोडक यांच्याकडे जाते.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजी, सुधारक वृत्तीचे. १९१४ मध्ये ताराबाई बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना लाभले. मानाची, पगाराची नोकरी. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. गोष्टी, नाट्यप्रवेश, भटकंती, मातीकाम यांतून तीन-चार वर्षांचे मूल आपणहून शिकते, हे तेथे रोज दिसत होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिके'ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली. १९३६ साली दादरला 'शिशुविहार' उभे राहिले आणि मुंबईच्या मध्यमवर्गाने ते आपलेसे केले. येथेच त्या थांबल्या असत्या, तरी इतिहासाने त्यांची नोंद घेतलीच असती.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. त्या पुढे १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच कामात राहिल्या. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटत होता. ज्या समाजाच्या मोठ्या माणसांचे श्रमही स्वतःच्या मालकीचे नव्हते, त्यांच्या मुलांना खेळातून शिकवावयाचे होते.

बालवाडी काढली, फी ठेवली नाही. तरी दलित वस्तीतील मुले येईनात. येथे ताराबाईंच्या विचाराचा कस लागला. शाळा फुकट असली म्हणून ती गरिबाला फुकट पडत नाही. पाच-सहा वर्षांची मुलगी घरी धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणूनच आई कामावर जाऊ शकते. ती मुलगी शाळेत बसली की आईचा रोज बुडतो. याला पालकांची अनास्था म्हणणे सोपे, पण ते अन्यायाचे आहे. ताराबाईंनी मुलांना बोलावणे धाडण्याऐवजी शिक्षिकांनाच वस्तीत धाडले. झोपड्यांपुढील अंगणात, कडेवरच्या भावंडांसकट वर्ग भरू लागला. ही अंगणवाडी.

कामाला आरंभ होई तो मुलांना आंघोळ घालण्यापासून आणि केस विंचरण्यापासून. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या हीच साधने. शिंपल्यांची लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावताना मूल जे शिकते, ते परदेशी बनावटीच्या लाकडी दट्ट्यांनी शिकविलेल्यापेक्षा उणे नसते. शिवाय शिंपला हरवला तर शिक्षिका रागावत नाही, कारण उद्या दुसरा मिळतो. महागड्या साधनांना कपाट लागते, कुलूप लागते, आणि मग ती मुलांपेक्षा तपासनिसांनाच अधिक दिसतात. स्वस्त साधन म्हणजे कनिष्ठ शिक्षण, हा समज बोर्डीने पार मोडून काढला.

पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे वारली मुलांचा प्रश्न आणखी अवघड निघाला. थोडी मोठी मुले दिवसभर गुरे राखीत. गुरे सोडून वर्गात येणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. गुरे चरत असता झाडाखाली गोष्ट, गाणे, मोजणी चाले. या कुरणशाळेला ना भिंती होत्या, ना घंटा. याच केंद्रात विकासवाडीची कल्पनाही आकाराला आली: पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका छपराखाली, म्हणजे भावंड सांभाळणारी मुलगी आणि तिने सांभाळलेले भावंड दोघेही शाळेतच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. कोसबाडने बालवाडी आणि पहिलीमधील भिंत त्याच्या कितीतरी आधी पाडली होती.

१९६२ साली ताराबाईंना 'पद्मभूषण' मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी अशा सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा ठरली. आहाराचे वजन करता येते, लसीची नोंद वहीत होते. मुलाने दुपारभर शिंपल्यांची रांग लावली, याला रकाना नसतो. शिवाय ही रांग लावून घेणाऱ्या सेविकेला आजही वेतन नव्हे, मानधन मिळते.