नगरची अ‍ॅन, बँकॉकची अ‍ॅना

नवऱ्याची बदली झाली की आपल्या पोटात गोळा येतो. नवं गाव, नवं घर, पाणी किती वाजता येतं इथपासून सगळी सुरुवात! दूधवाला शोधा, मुलांची शाळा शोधा, शेजारीण कशी आहे ते बघा... आणि हे सगळं आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत. मग विचार करा, दीडशे वर्षांपूर्वी तिशीतली एक विधवा पाच वर्षांच्या मुलाचा हात धरून बोटीतून बँकॉकच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा तिच्या मनात काय असेल? भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, डोक्यावर छप्पर कुठलं तेही ठरलेलं नाही. हातात फक्त राजाचं नोकरीचं पत्र.

ही बाई म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजवाड्यात राण्यांना आणि राजपुत्रांना इंग्रजी शिकवणारी शिक्षिका. तिच्यावर पुढे कादंबरी निघाली, नाटक आलं, सिनेमे आले. ‘द किंग अँड आय’ हा १९५६चा सिनेमा तर जगभर गाजला. पण मैत्रिणींनो, ही जगप्रसिद्ध ‘इंग्लिश मॅडम’ जन्माने आपल्या अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची होती, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? आणि ठाऊक नसण्याचं कारण ती स्वतःच आहे. तिने ते आयुष्यभर लपवून ठेवलं.

अ‍ॅनचा जन्म २६ नोव्हेंबर १८३१चा. वडील थॉमस एडवर्ड्स हे कंपनी सरकारच्या लष्करात सार्जंट, मूळचे सुतारकाम करणारे. लेकीचं तोंड बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. तिच्या जन्माआधी तीन महिने ते वारले. आई मेरी अ‍ॅन ही मुंबईच्या फौजेतल्या एका इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी. तिची आई, म्हणजे अ‍ॅनची आजी, बहुधा हिंदुस्थानी किंवा अर्धी हिंदुस्थानी असावी, असं अभ्यासक मानतात. त्या आजीचं नावही कुठल्या कागदावर नाही. पदरात दोन मुली, नवरा गेलेला. छावणीत अशा बाईला दुसरं लग्न करण्यावाचून गत्यंतर नसे. मेरी अ‍ॅनने पॅट्रिक डोनोहो नावाच्या आयरिश शिपायाशी संसार थाटला आणि मुली लष्करी वस्तीतच लहानाच्या मोठ्या झाल्या.

मोठी बहीण एलायझा पंधराव्या वर्षीच एका सार्जंट मेजरला दिली. अ‍ॅनने मात्र आपल्या पसंतीने लग्न केलं. थॉमस लिओन ओवेन्स हा साधा कारकून. १८४९च्या नाताळच्या दिवशी पुण्यात त्यांचं लग्न लागलं. नवरी अठरा वर्षांची. पुढची दहा वर्षं म्हणजे नुसती ओढाताण! पहिली मुलगी दीड वर्षाची व्हायच्या आत गेली. नशीब काढायला दोघं ऑस्ट्रेलियाला निघाली, त्या प्रवासात मुलगा झाला, तोही वर्षभरानंतर गेला. मग एव्हिस झाली, लुई झाला. ऑस्ट्रेलियात काही जमेना म्हणून १८५७मध्ये मलायातल्या पेनांगला बिऱ्हाड हललं. तिथे थॉमस हॉटेल सांभाळू लागला आणि मे १८५९मध्ये अचानक गेला. अ‍ॅन सत्तावीस वर्षांची होती. दोन चिमुरडी मुलं, आणि गाठीला काही नाही.

इथे तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. छावणीत परत जाऊन आईसारखं पुन्हा लग्न करायचं, नाहीतर स्वतःच्या पायावर उभं राहायचं. ती सिंगापूरला गेली आणि तिने इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. पण मिश्र रक्ताच्या, शिपायाच्या मुलीकडे साहेब लोक आपली मुलं पाठवणार होते थोडेच! रंगाचा आणि घराण्याचा तोरा त्या समाजात आपल्याकडच्या जातीइतकाच कडक होता. मग अ‍ॅनने एक गोष्ट रचली. आपला जन्म वेल्समधला, वडील कॅप्टन, ते लढाईत पडले. नवरा साधा कारकून नव्हे, लष्करात मेजर, वाघाच्या शिकारीनंतर गेला. वयातून तीन वर्षं वजा केली. ‘लिओन’ आणि ‘ओवेन्स’ जोडून एक भारदस्त आडनाव झालं. नगरच्या अ‍ॅनची अ‍ॅना लिओनोवेन्स झाली.

तेवढ्यात सयामचा राजा मोंगकुट आपल्या घरच्या बायकामुलांसाठी शिक्षिका शोधत होता. हा राजा मोठा विद्वान. गादीवर येण्याआधी सत्तावीस वर्षं बौद्ध भिक्षू होता. इंग्रजी, लॅटिन शिकलेला, ग्रहताऱ्यांच्या गणिताची आवड असलेला. आजूबाजूचे देश एकेक करून गोऱ्यांच्या घशात जाताना तो बघत होता. आपला देश वाचवायचा तर त्यांची भाषा आणि त्यांचं ज्ञान घरात आलं पाहिजे, हे त्याने ओळखलं होतं. आधी अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यात शिकवायला येत, पण त्या धड्यांबरोबर धर्मही शिकवू लागल्या. म्हणून नव्या बाईला पहिली अट हीच, की शिकवायचं ते इंग्रजी, ख्रिस्ती धर्म नव्हे. सिंगापूरमधल्या सयामच्या वकिलाने अ‍ॅनाचं नाव सुचवलं. तिने सात वर्षांच्या एव्हिसला इंग्लंडला शाळेत पाठवलं आणि लुईला घेऊन मार्च १८६२मध्ये ती बँकॉकला पोहोचली. एक लेकरू काळजाशी, एक सातासमुद्रापलीकडे! पोटासाठी हा निर्णय घेताना त्या आईचं काय झालं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या वेळचं बँकॉक म्हणजे पाण्यावरचं गाव. चाओ फ्राया नदी आणि तिला फुटलेले असंख्य कालवे. बाजार होडीत, घरं तराफ्यांवर. रस्ते जवळजवळ नाहीतच. परदेशी वकिलांना याचा भारी जाच वाटे. घोड्यावरून, गाडीतून फिरायला जागाच नाही, त्यामुळे आमच्या तब्येती बिघडतात, असा अर्ज त्यांनी १८६१मध्ये राजाकडे केला. अ‍ॅना तिथे असतानाच चारोएन क्रुंग हा मोठा रस्ता बांधून झाला. आजही तिथे तो वापरात आहे. गोऱ्या माणसाला थाई लोक ‘फरंग’ म्हणतात. आपला ‘फिरंगी’च की हा! आणि शिक्षकाला म्हणतात ‘क्रू’, तो आपल्या ‘गुरु’वरून आलेला. ज्या देशात जुन्या राजधानीचं नाव अयोध्येवरून अयुथ्या, आणि देवळाच्या भिंतींवर रामकथा, तो देश नगर-पुण्यात वाढलेल्या या मुलीला अगदीच परका वाटला नसेल. पण हे ती कुणाला सांगणार? ती तर वेल्सची होती!

घरासाठी तिला फार झगडावं लागलं. पुढे लिहिलेल्या पुस्तकात तिने ते सविस्तर सांगितलंय. सुरुवातीला प्रधानांच्या वाड्यात राहायची सोय झाली. वेगळं घर देण्याचं कबूल झालं होतं, ते काही मिळेना. एकदा घर म्हणून जे दाखवलं, ते मासळीबाजाराच्या टोकाला, घाणीने भरलेलं. तिने सरळ नकार दिला. शेवटी एक घर मिळालं, तेही आधी घासूनपुसून राहण्याजोगं करावं लागलं. तिच्यासोबत बीबी नावाची हिंदुस्थानी आया आणि मुन्शी होते. परमुलखात उंबऱ्याच्या आतली तेवढीच ओळखीची माणसं.

तिची शाळा भरे ती राजवाड्याच्या अगदी आतल्या भागात. तो भाग म्हणजे बायकांचं एक गावच होतं. राजा सोडून मोठ्या पुरुषाला तिथे पाऊल टाकता येत नसे. पहाऱ्यावरसुद्धा बायकाच. राण्या, राजकन्या, दासी, स्वयंपाकिणी... कित्येकींचा सगळा जन्म त्या भिंतींच्या आत जाई. त्यांच्यासाठी रोज बाहेरून येणारी ही बाई म्हणजे एक उघडी खिडकीच असणार. राजाच्या मुलांमध्ये आठ वर्षांचा चुलालोंगकोर्न होता, पुढचा राजा. लुईची आणि त्याची चांगली गट्टी जमली.

सकाळी शाळा, आणि शिवाय राजाची इंग्रजी पत्रं लिहून देणं. राजा बोलावील तेव्हा जावं लागे. पगारवाढीवरून आणि कामाच्या वेळांवरून दोघांचे खटके उडत. दोघंही हट्टी! राजवाड्यातल्या बायका आपली गाऱ्हाणी घेऊन तिच्याकडे येत, आमच्यासाठी राजाकडे शब्द टाका म्हणत. सोनक्लिन नावाच्या एका राणीबद्दल तिने फार जिव्हाळ्याने लिहिलंय. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचं ‘अंकल टॉम्स केबिन’ हे पुस्तक वाचून त्या राणीने आपल्या दासींना मोकळं केलं, असं अ‍ॅना सांगते.

पाच वर्षांनी तब्येत ढासळली आणि १८६७मध्ये तिने बँकॉक सोडलं. परत येण्याचं बोलणं चालू होतं, पण ऑक्टोबर १८६८मध्ये मोंगकुट हिवतापाने गेला. सूर्यग्रहण बघायला जंगलात गेला होता, तिथेच तो ताप जडला. ग्रहण मात्र त्याने मांडलेल्या गणिताप्रमाणे बरोबर लागलं होतं! पंधरा वर्षांचा चुलालोंगकोर्न राजा झाला. राजापुढे जमिनीवर लोटांगण घालून सरपटण्याची प्रथा त्याने १८७३मध्ये बंद केली. गुलामगिरी टप्प्याटप्प्याने मोडत आणून १९०५मध्ये संपवली. याचं श्रेय आपल्या शिकवण्याला आहे, असं अ‍ॅनाला वाटे. थाई लोकांना ते पटत नाही. बदलाची सुरुवात मोंगकुटने स्वतःच केली होती, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

पुढे अमेरिकेत पोट भरण्यासाठी तिने शाळा काढली आणि लेखणी हातात घेतली. १८७०मध्ये सयामच्या आठवणींचं पुस्तक आलं, मग राजवाड्यातल्या बायकांच्या कथांचं. पुस्तकं खपावीत म्हणून असेल, तिने त्यात भरपूर तिखटमीठ घातलं. विद्वान, शिस्तीचा राजा तिथे लहरी आणि क्रूर झाला. राणीला जाळल्याच्या, जमिनीखालच्या अंधारकोठडीच्या गोष्टी आल्या. बँकॉकची जमीन इतकी पाणथळ की तिथे तळघरं टिकतील कशी, असं जाणकार विचारतात. आपल्या आदरणीय राजाची अशी टिंगल थायलंडला आजवर सहन झालेली नाही. तिच्यावरच्या १९५६च्या आणि १९९९च्या, दोन्ही सिनेमांवर तिथे बंदी आली. जिचं मीठ खाल्लं त्या घराबद्दल असं लिहावं का? मला विचाराल तर नाही. त्या वाड्यातल्या बायकांची दुःखं खरी असतील, पण रंगवून सांगितली की खऱ्या दुःखावरचाही विश्वास उडतो.

अ‍ॅना पुढे मुलीबरोबर कॅनडातल्या हॅलिफॅक्सला राहिली. तिथे १८८७मध्ये कलाशाळा उभी करण्यात तिचा मोठा वाटा होता. ती आज विद्यापीठ म्हणून चालू आहे. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही ती झटली. लुई मोठेपणी सयामला परत गेला, राजाच्या घोडदळात अधिकारी झाला, मग सागवानाच्या धंद्यात शिरला. १८९७मध्ये चुलालोंगकोर्न लंडनला आला, तेव्हा म्हातारी शिक्षिका आणि तिचा राजा झालेला विद्यार्थी पुन्हा भेटले.

पण ज्या गोष्टीवर तिने हे सगळं उभारलं, तिची किंमत तिला शेवटपर्यंत मोजावी लागली. पाठची-पोटची म्हणावी अशी एकच बहीण, तिच्याशी अ‍ॅनाने संबंध तोडून टाकले. एलायझाच्या घरचं कुणी समोर आलं असतं तर नगर, पुणं, छावणी सगळंच उघडं पडलं असतं ना! याच एलायझाचा नातू पुढे बोरिस कार्लोफ या नावाने हॉलिवूडमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस म्हणून गाजला. अ‍ॅनाने १८८४मध्ये हिंदुस्थानातल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात मुंबई आहे, पुणं आहे, दख्खन आहे. पण लिहिणारी आहे ती बाहेरून आलेली मडम. आपल्याच माहेराबद्दल पाहुणी म्हणून लिहायचं! यापेक्षा एकटेपण काय असतं?

१९ जानेवारी १९१५ला माँट्रियलमध्ये ती गेली. त्र्याऐंशी वर्षांची होती. जाईपर्यंत ती वेल्सचीच राहिली. खरं बाहेर आलं ते पुढे साठ वर्षांनी, १९७०च्या दशकात. ब्रिस्टो नावाचे एक इंग्रज संशोधक, खरं तर कोळ्यांचे अभ्यासक, लुईचं चरित्र लिहायला बसले. तिच्या जन्माची नोंद वेल्समध्ये सापडेना आणि धागा धरून ते थेट हिंदुस्थानात पोहोचले.

तिला खोटारडी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तिने थाई राजावर अन्याय केला, हेही खरंच. पण सत्तावीसाव्या वर्षी दोन मुलं घेऊन उभ्या राहिलेल्या त्या विधवेने खरं सांगितलं असतं, तर तिला शाळा मिळाली असती का? तिच्याजवळ ज्ञान होतं, हिंमत होती, कष्टाची तयारी होती. फक्त ‘तू कुणाची?’ या प्रश्नाचं लोकांना हवं असलेलं उत्तर नव्हतं, ते तिने तयार केलं. हा प्रश्न आजही आपल्या गावांत भाड्याचं घर शोधणाऱ्या एकट्या बाईला विचारतातच की. पुढच्या वेळी दारात अशी कुणी उभी राहिली, तर आधी तिला पाणी द्यावं आणि तिला काय येतं ते विचारावं. ती कुणाची, कुठली, हे ती आपणहून सांगेल. आपल्याजवळ खरं सांगायला भीती नाही, एवढं मात्र तिला वाटलं पाहिजे.