कोलेस्टेरॉलला नाव देणारे शतायुषी शास्त्रज्ञ

रक्ततपासणीच्या अहवालात कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलेला दिसला की घरात तेल-तुपावर बंधने येतात. या पदार्थाला नाव देणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्रल मात्र १०२ वर्षांचे आयुष्य जगले.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्समधील आंझे येथे झाला. वडील शल्यचिकित्सक होते. ऐन तारुण्यात पॅरिसला येऊन शेव्रल यांनी वोक्लां यांच्या प्रयोगशाळेत शिक्षण घेतले. १८११ मध्ये डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाचे पृथक्करण त्यांच्याकडे आले आणि संशोधनाला दिशा मिळाली. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांचा संयोग असून अल्कलीमुळे तो तुटतो व साबण तयार होतो, हे त्यांनी सप्रमाण दाखविले.

हीच कसोटी त्यांनी पित्ताशयातील खड्यांतून मिळणाऱ्या पांढऱ्या, स्फटिकमय पदार्थाला लावली. हा पदार्थ अठराव्या शतकातच आढळला होता. पण तो चरबीचाच प्रकार मानला जाई. शेव्रल यांनी तो अल्कलीत उकळला, तरी त्याचा साबण झाला नाही. म्हणजे हा पदार्थच वेगळा होता. ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून १८१६ मध्ये त्यांनी त्याला ‘कोलेस्टेरिन’ हे नाव दिले. पुढे तो अल्कोहोल गटातील असल्याचे सिद्ध झाल्यावर ‘कोलेस्टेरॉल’ हे नाव रूढ झाले.

पित्ताच्या खड्यात सापडलेला हा पदार्थ आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात असतो, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थरात बसून तो आवरण फार पातळ वा फार ताठर होऊ देत नाही. प्राणवायूपासून बनणाऱ्या आक्रमक रेणूंचा, म्हणजे फ्री रॅडिकल्सचा, मारा वाढला की आवरणातील मेदाम्ले खराब होऊ लागतात. त्या माऱ्यातून कोलेस्टेरॉलही सुटत नाही. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन बनणारी द्रव्ये आवरणाची घट्ट रचना विस्कटतात. रक्तवाहिन्यांत साठणाऱ्या थरांतही ती आढळतात. ज्याच्याशिवाय पेशी उभी राहू शकत नाही, तोच पदार्थ बिघडल्यावर घातक ठरतो.

शेव्रल यांचे कार्य एवढ्यावर थांबले नाही. १८२५ मध्ये त्यांनी गे-ल्युसॅक यांच्यासह मेदाम्लांच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. धूर आणि दुर्गंध सोडणाऱ्या चरबीच्या दिव्यांना त्यातून पर्याय मिळाला. गोबेलँ या सरकारी विणकामशाळेत रंगविभागाचे प्रमुख असताना काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. दोष रंगात नसून शेजारच्या रंगछटांत आहे, हे त्यांनी ओळखले. त्यावरचा त्यांचा १८३९ चा ग्रंथ पुढे सरासारख्या चित्रकारांना मार्गदर्शक ठरला.

१८८८ मध्ये प्रागमधील रायनिट्झर यांनी कोलेस्टेरॉलचे अचूक रासायनिक सूत्र मांडले, तेव्हा शेव्रल हयात होते. ९ एप्रिल १८८९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी काही दिवसांपूर्वीच पूर्ण झालेल्या आयफेल मनोऱ्यावर फ्रान्सच्या ७२ मान्यवरांची नावे आहेत. त्यांत शेव्रल यांचेही नाव आहे.