चौपाटीवर खरंच विमान उडालं होतं का? मॉडेल बनवणाऱ्या शिवकर बापूजी तळपदेंची गोष्ट

दर वर्षी १७ डिसेंबर आला की व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. राईट बंधूंनी १९०३ साली विमान उडवलं म्हणून जग त्यांना डोक्यावर घेतं, पण त्याच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये, एका मराठी माणसानं गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं होतं. ते दीड हजार फूट वर गेलं, त्यात माणूस नव्हता आणि ते पाऱ्यावर चालत होतं. बघायला न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हजर होते, केसरीत बातमीही आली होती. शेवटी इंग्रजांनी सगळं दाबून टाकलं, असं म्हणून फॉरवर्ड संपतो.

या माणसाचं नाव शिवकर बापूजी तळपदे. २०१५ साली त्यांच्यावर 'हवाईजादा' नावाचा हिंदी सिनेमा आला, त्यात आयुष्मान खुरानानं त्यांची भूमिका केली. तळपदेंचं नाव घराघरात गेलं खरं, पण नेमका माणूस कोण होता हे मात्र बाजूलाच राहिलं.

तळपदेंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतल्या पाठारे प्रभू कुटुंबातला. शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झालं आणि पुढं तिथंच ते शिकवायला लागले. म्हणजे माणूस इंजिनिअर नव्हता. चित्र काढणारा, हातानं वस्तू घडवणारा कलाशिक्षक होता. पुढची सगळी गोष्ट समजायची असेल तर ही बाब पक्की लक्षात ठेवावी लागते.

त्याच काळात मुंबईत आर्य समाजाचं वारं होतं. स्वामी दयानंद सरस्वतींनी १८७५ मध्ये पहिला आर्य समाज मुंबईतच, गिरगावात स्थापन केला. त्यांच्या ऋग्वेदादिभाष्यभूमिका या ग्रंथात नौका आणि विमानांच्या विद्येवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वेदांमध्ये या विद्यांची बीजं आहेत, असं दयानंदांचं म्हणणं. जे. जे. मधल्या एका शिक्षकामुळे हा ग्रंथ तळपदेंच्या हाती आला असं सांगतात. बाकीच्यांनी ते प्रकरण वाचलं आणि मान डोलावली. तळपदे मात्र ते बनवायला बसले.

त्यांनी आपल्या यंत्राला नाव दिलं मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र. पुढं त्यांनी 'प्राचीन विमानकलेचा शोध' नावाचं पुस्तकही लिहिलं.

आता फॉरवर्डकडे परत येऊ, कारण त्यातले साक्षीदार फार मोठे आहेत.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचे. म्हणजे त्यांचा जन्म तिथला, १८ जानेवारी १८४२ चा. वडील तेव्हा तिथं सरकारी नोकरीत होते. १८९३ पासून रानडे मुंबई हायकोर्टात न्यायाधीश होते, त्यामुळे १८९५ मध्ये ते चौपाटीपासून फार लांब नव्हते. देशी उद्योगधंदे वाढावेत म्हणून १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. त्याच वर्षी सयाजीरावांच्या बडोद्यात कलाभवन सुरू झालं, जिथं तंत्रशिक्षण मिळायचं. एखाद्या मराठी माणसानं यंत्र बनवलं तर ते बघायला कोण जाईल, असं तेव्हा कुणाला विचारलं असतं तर हीच दोन नावं पुढं आली असती. गोष्ट पटते ती या नावांमुळे. आणि संशयही इथूनच सुरू होतो.

कारण रानडे हा अंधारातला माणूस नाही. त्यांची भाषणं छापलेली आहेत, लेख आहेत, चरित्रं आहेत. रमाबाई रानड्यांनी तर घरातल्या बारीकसारीक प्रसंगांसह आठवणींचं अख्खं पुस्तक लिहिलंय. हायकोर्टाचा न्यायाधीश चौपाटीवर उडतं यंत्र बघून घरी आला, ही काही विसरायची गोष्ट नव्हे. पण विमानाची कथा सांगणारं कुणी त्या पुस्तकातलं पान काढून दाखवत नाही.

केसरीचंही तसंच. अंक कोणत्या तारखेचा, पान कितवं, हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. आणि १८९५ हे वर्ष म्हणजे टिळकांचा गट आणि रानडे यांच्यात चांगलीच जुंपलेली. काँग्रेसच्या मंडपात रानड्यांची सामाजिक परिषद भरू द्यायची नाही यावरून पुण्यात वातावरण तापलं होतं आणि शेवटी ती परिषद वेगळ्या जागी घ्यावी लागली. त्या वर्षीचा केसरी रानड्यांबद्दल जे काही छापत होता ते आजही वाचायला मिळतं. त्यात विमान असतं तर एव्हाना त्याचं कात्रण प्रत्येकाच्या फोनमध्ये असतं.

मग तळपदेंनी काहीच केलं नाही का? केलं. त्याचा एक धागा अनपेक्षित ठिकाणी सापडतो, बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये.

१९७४ मध्ये तिथल्या एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा अभ्यास केला. हा ग्रंथ भारद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि दुसऱ्यानं लिहून घेतला. अभ्यासकांनी शास्त्रींच्या जवळच्या माणसांना गाठलं. त्यांच्याकडून कळलं ते असं, की मुंबईच्या तळपदेंनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली विमानांची मॉडेल बनवायचा प्रयत्न केला होता, पण त्यातलं एकही उडालं नाही.

ही माहिती शास्त्रींच्या विरोधकांची नाही, त्यांच्या घरच्यांची आहे. म्हणून ती जास्त वजनदार.

आणि तारखा बघा. तळपदे वारले १९१७ च्या सुमारास. वैमानिक शास्त्राची वही लिहायला सुरुवात झाली १९१८ मध्ये. म्हणजे तो ग्रंथ वाचून तळपदेंनी १८९५ मध्ये विमान बनवलं, हे फॉरवर्डमधलं वाक्य कॅलेंडरवरच आपटतं.

पाऱ्याचंही बघून घेऊ. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो आणि ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. नासानं पाऱ्याचं आयन इंजिन वापरलं होतं, असा मुद्दा हमखास येतो आणि तो खराही आहे. १९६४ मध्ये एका चाचणीत ते अंतराळात चाललं. पण त्याचा जोर इतका कमी होता की त्यानं जमिनीवरून वहीचं पानसुद्धा उचललं नसतं. निर्वात अंतराळात ते चालतं, चौपाटीवर नाही.

तळपदे मॉडेल बनवत होते यात कमीपणा मात्र अजिबात नाही. त्या काळात जगभर विमानाचं काम असंच चालू होतं. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोनं १८७१ मध्येच रबराला पीळ देऊन छोटं मॉडेल उडवलं होतं. अमेरिकेत सॅम्युअल लँगलीनं ६ मे १८९६ ला वाफेच्या इंजिनाचं मॉडेल पोटोमॅक नदीवर जवळपास एक किलोमीटर उडवलं आणि त्याचा फोटो काढला टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं. म्हणजे मरुत्सखा खरोखर उडालं असतं तरी विनामाणूस यंत्रांत ते पहिलं ठरलं नसतं. राईट बंधूंचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. त्यांच्या विमानात माणूस होता आणि तो ते वळवू शकत होता.

या लँगलीची पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यानं आधी मूळ विमानाच्या एक चतुर्थांश आकाराचं पेट्रोल इंजिनाचं मॉडेल केलं, ते उडालं. मग सरकारी पैशातून पूर्ण आकाराचं विमान केलं. ते १९०३ च्या ऑक्टोबरात नदीत पडलं, ८ डिसेंबरला पुन्हा पडलं. त्यानंतर नऊ दिवसांनी राईट बंधू उडाले.

असं का होतं? मॉडेल सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. चार पटीनं मोठं केलं तर पंख सोळापट आणि वजन चौसष्ट पट. बांबू, कापड आणि दोरीत जे सहज तरंगतं, ते मोठं केल्यावर स्वतःच्याच वजनानं वाकतं. टेबलावर देखणं दिसणारं यंत्र आणि हवेत टिकणारं यंत्र यांच्यामध्ये हे गणित उभं असतं. जे. जे. मध्ये आकार, प्रमाण, रंग शिकवायचे. हे गणित वेगळंच.

वैमानिक शास्त्रातली चित्रंही अशीच टेबलावर शोभणारी. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही चार विमानं. शास्त्रींनी वर्णन करायचं आणि एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समननं काढायचं, असं ते काम १९२३ मध्ये झालं. मुकुंद आणि मंडळींनी मापं तपासली आणि यातलं एकही उडू शकत नाही असा निष्कर्ष काढला. तरी हौशी लोक आजही ही विमानं बनवतात. कुणी पुठ्ठ्यातून, कुणी थ्री-डी प्रिंटरवर. रुक्म म्हणजे सोनं, म्हणून त्या मॉडेलला सोनेरी रंग देतात.

तळपदेंचे शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले असं सांगतात. यंत्राचा सांगाडा बरीच वर्षं घरात पडून होता, नंतर भाग विकले गेले, अशाही कथा आहेत. ब्रिटिशांनी दाबून टाकलं या दाव्याला मात्र कागदाचा आधार कुणी दिलेला नाही.

रानडे १९०१ मध्ये गेले. त्यांच्या निफाडचं विमानाशी खरंखुरं नातं जुळलं ते १९६४ मध्ये. निफाड तालुक्यातल्याच ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, मिग-२१ बनवण्यासाठी. पुढं तिथं सुखोई बनली. न्यायमूर्तींना चौपाटीवर विमान दिसलं की नाही यावर लोक अजून भांडतात. त्यांच्या जन्मगावच्या आभाळात मात्र साठ वर्षं ते रोजचंच आहे.

मरुत्सखाचं मॉडेल करायला बसणाऱ्याची अडचण वेगळीच आहे. रुक्मचं निदान चित्र तरी आहे. मरुत्सखाचा खात्रीचा फोटो नाही की मापांसह आराखडा नाही. पंख किती लांब, सांगाडा कसला, रंग कोणता, सगळं ज्याचं त्यानं ठरवायचं. सिनेमावाल्यांनीही तेच केलं.