दीपगृहाची कन्या

पावसाळ्यात गारगोटीजवळची वेदगंगा दुथडी भरून वाहू लागली, म्हणजे पट्टीचा पोहणाराही पाण्यात उतरण्यापूर्वी विचार करतो. मग वादळाने खवळलेल्या समुद्रात लहानशी होडी घालण्यास केवढे धैर्य लागत असेल! ते धैर्य ग्रेस डार्लिंग या तरुणीने दाखविले.

ग्रेसचा जन्म १८१५ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर झाला. तिचे वडील विल्यम हे जवळच्या फार्न बेटांवरील दीपगृहाचे रखवालदार होते. भरती-ओहोटी ओळखणे, होडी वल्हविणे, दिव्याची निगा राखणे, ही कामे ती वडिलांच्या हाताखाली शिकली.

७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे ‘फोर्फरशायर’ नावाची आगबोट या बेटांजवळ आली. तिचा बॉयलर गळू लागून यंत्र बंद पडले होते. वादळाने तिला खडकावर आपटले आणि तिचे दोन तुकडे झाले. चाळिसांहून अधिक माणसे बुडाली. उजाडल्यावर खडकाला बिलगून राहिलेली काही माणसे दीपगृहातून दिसली.

त्या वेळी होडी वल्हविण्यास बापलेकींवाचून दुसरे कोणी नव्हते. खडक सुमारे मैलभर दूर होता. परतताना प्रवाह उलटा लागणार होता. वाचलेल्यांपैकी कोणी वल्हे धरू शकला नाही, तर आपणही तेथेच अडकून पडू, हे विल्यम जाणून होते. तरीही आईने होडी लोटण्यास हात लावला आणि दोघे निघाली.

खडकाशी पोहोचताच वडिलांनी वर उडी घेतली. होडीत ग्रेस एकटीच राहिली. होडी दूर गेली तर माणसे चढणार कशी, आणि फार जवळ आली तर तिच्या फळ्या फुटणार! दोन्ही वल्ही हाती घेऊन ग्रेसने ती सावरून धरली. खडकावर नऊ जण जिवंत होते. त्यांत एक माता होती. तिची दोन मुले गारठून मरण पावली होती. पहिल्या खेपेस तिच्यासह पाच जण आले. त्यांतील खलाशांनी वल्ही धरली, म्हणूनच होडी परतली. मग वडिलांनी खलाशांसह जाऊन उरलेल्या चौघांना आणले. ग्रेस मागे राहून त्या गारठलेल्या जिवांची शुश्रूषा करू लागली.

तिची कीर्ती देशभर पसरली. तिला रौप्यपदक मिळाले. राणी व्हिक्टोरियाने पन्नास पौंड पाठविले. परंतु दीपगृहावरील आपले काम तिने सोडले नाही. २० ऑक्टोबर १८४२ रोजी, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, क्षयाने तिचा अंत झाला.

नित्याचे काम तिने मनापासून शिकून घेतले होते. म्हणूनच संकटाच्या घडीस तिचे हात डळमळले नाहीत.